पेठेतल्या वाड्यात ‘देवी’ची अफवा: कांजिण्यांच्या एका साथीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सदाशिव पेठेतला एक जुना वाडा. खाली मालकांचं बिऱ्हाड, वरच्या दोन मजल्यांवर कॉट बेसिसवर राहणारी स्पर्धा परीक्षेची मुलं, मागच्या पडवीत मेस आणि जिन्याच्या बाजूनं आत गेलं की अभ्यासिका. राहायला तीसेक मुलं, बहुतेक मराठवाड्यातली, काही सोलापूर-नगरकडची. अभ्यासिकेत बसायला बाहेरून आणखी पंधरा-वीस जण येत. एका खोलीत चार ते सहा कॉट, मजल्यावर सगळ्यांचं मिळून एकच न्हाणीघर. पेठांमध्ये असे वाडे शेकड्यांनी आहेत. ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत.

काळ ऑगस्ट २०२४ चा. २५ तारखेला राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ठरलेली होती. शहरात झिकाचे रुग्ण सापडत होते, डेंगीही होताच. त्यात १४ ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेनं एमपॉक्ससाठी (लोकांच्या तोंडी मंकीपॉक्स) आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. बातम्यांमध्ये ‘देवीच्या कुळातला विषाणू’ हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. ते चूक नव्हते, दोन्ही विषाणू ऑर्थोपॉक्स गटातलेच. पण ज्या पिढीनं देवीचा रुग्ण पाहिलेलाच नाही, तिच्या कानावर हे शब्द कसे पडतात ते पुढे दिसलं.

मी मेडिकल कॉलेजात रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवतो. वाड्याजवळ दवाखाना असलेल्या डॉक्टरबाई, ज्यांना मुलं मॅडम म्हणतात, माझ्या जुन्या परिचयाच्या. त्यांनी पहिल्याच रात्री फोन केला आणि तेव्हापासून मी सल्ल्याला होतो. निर्णय त्यांचे आणि वाड्याच्या मालकांचे.

प्रश्न

१७ ऑगस्टच्या शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या एका तेवीस वर्षांच्या मुलाच्या अंगावर फोड दिसले. आदल्या रात्रीपासून कणकण होती, पण परीक्षा आठवड्यावर आलेली, म्हणून गोळी घेऊन तो अभ्यासिकेत बसून राहिला. खोलीतल्या मित्रानं काळजीपोटी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि विचारलं, ‘हे काय असेल?’ रात्री नऊपर्यंत तोच फोटो, चेहऱ्यासकट, दोन-तीन जिल्ह्यांच्या अभ्यास ग्रुपांवर फिरत होता आणि खाली मजकूर होता: ‘पुण्यात देवी परत आली.’

काही मुलांनी बॅगा भरल्या. मालक, म्हणजे काका, म्हणाले की याला आजच रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गावी पाठवून द्या, घरचे बघतील. त्यांच्या घाबरण्याला कारण होतं. मेसच्या मावशींची सून पोळ्या लाटायला यायची आणि तिला पाचवा महिना होता.

मॅडम आल्या तेव्हा जिन्यात सगळे एकच प्रश्न विचारत होते: हे देवी आहे की मंकीपॉक्स? माझ्या मते त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता आणि तो जास्त तातडीचा होता: गेल्या दोन-तीन दिवसांत हा मुलगा कोणाकोणाजवळ बसला, जेवला, झोपला? रोगाचं नाव कळायला प्रयोगशाळा लागते. ही यादी करायला वही-पेन पुरतं आणि ती नाव कळायच्या आधी सुरू करता येते.

ओळख कशी पटली

देवी असण्याची शक्यता मॅडमनी पहिल्या मिनिटाला बाजूला ठेवली. नैसर्गिकरीत्या देवी झालेला जगातला शेवटचा रुग्ण सोमालियातला, १९७७ चा. १९७८ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला प्रयोगशाळेशी संबंधित एक दुर्घटना घडली, त्यानंतर एकही नाही. ८ मे १९८० रोजी निर्मूलनाची घोषणा झाली. आज हा विषाणू अधिकृतपणे दोनच ठिकाणी कुलूपबंद आहे, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोव्होला. तरीही पुरळ नीट वाचायचीच असते, कारण एमपॉक्सची पुरळ देवीच्या वळणावर जाते.

देवीत आधी दोन ते चार दिवस सणकून ताप, कंबर आणि डोकं ठणकतं, माणूस अंथरूण धरतो. मग पुरळ येते ती चेहरा, हात आणि पाय यांवर दाट, छाती-पोटावर विरळ, तळहात-तळपायांवरसुद्धा. एका भागातले सगळे फोड एकाच अवस्थेत असतात, बोटाला कातडीखालच्या छऱ्यासारखे टणक लागतात. कांजिण्यांत ताप आणि पुरळ जवळजवळ बरोबरच येतात. फोड छाती-पाठीवर जास्त, पातळ सालीचे, खाजरे, आणि लाटालाटांनी येतात. त्यामुळे हाताच्या पंजाएवढ्या जागेत लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि वाळू लागलेली खपली अशी तिन्ही रूपं शेजारी-शेजारी दिसतात.

या मुलाची पाठ तशीच होती. डोक्याच्या केसांत दोन फोड, तोंडात टाळ्यावर एक, तळहात स्वच्छ.

मॅडम तपासत असताना काकांच्या आई दारात येऊन उभ्या राहिल्या. वय ऐंशीच्या घरात, चेहऱ्यावर देवीचे व्रण. लहानपणी मावळातल्या गावी त्यांना देवी आल्या होत्या, धाकटा भाऊ त्यातच गेला. त्या म्हणाल्या, ‘ह्या देवी न्हाईत. देवीत तोंड आन् हातपाय भरून जायचे, डोळं उघडत नसत. समदे फोड एकदम पिकायचे.’ पुस्तकात दिलेली लक्षणं आणि आजींची आठवण एकच होती. निदान काही त्यावर ठरलं नाही, पण जिन्यातला गोंधळ त्या चार वाक्यांनी जेवढा शांत झाला तेवढा मॅडमच्या बोलण्यानं झाला नव्हता.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. २०२२ पासून जगभर पसरलेल्या एमपॉक्समध्ये फोड मोजकेच असू शकतात, जननेंद्रियांच्या आसपासच असू शकतात आणि वेगवेगळ्या अवस्थांतही दिसतात. म्हणजे फोडांच्या वयावरून फरक करण्याचा जुना नियम एकट्यानं पुरत नाही. म्हणून मॅडमनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि प्रवास, परदेशातून आलेल्या कोणाशी निकटचा सहवास, शारीरिक संबंध हे सगळं एकांतात विचारलं. मित्रांसमोर हे विचारलं असतं तर खरं उत्तर मिळालं नसतं. मान, काख, जांघ इथल्या गाठी तपासल्या, सुजलेल्या नव्हत्या. एमपॉक्समध्ये त्या बहुधा सुजतात.

मग ‘गावी कोणाला काही झालं होतं का’ हा प्रश्न. पहिल्यांदा तो नाही म्हणाला. पुन्हा विचारल्यावर आठवलं की जुलैच्या अखेरीस तो घरी गेला तेव्हा बहिणीच्या मुलाच्या अंगावर पुरळ होती, कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालत होते, डॉक्टरला दाखवलं नव्हतं. कांजिण्यांचा संसर्ग झाल्यापासून फोड उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात. हिशेब जुळला.

तरी मॅडमनी महापालिकेच्या आरोग्य खात्याला कळवलं आणि फोडाचा नमुना पीसीआर तपासणीसाठी गेला. दोन दिवसांनी अहवाल आला: व्हॅरिसेला-झोस्टर, म्हणजे कांजिण्या. एमपॉक्स नाही.

समोरचे पर्याय

त्या शनिवारी रात्री चार वाटा होत्या. मुलाला गावी पाठवणं. वाडा रिकामा करणं. त्याला दवाखान्यात दाखल करणं. किंवा वाड्यातच वेगळं ठेवून बाकीच्यांवर लक्ष ठेवणं.

पहिली वाट काकांची, आणि सगळ्यांत घातक. रात्रभराच्या बंद गाडीत शेजारच्या सीटवर कोण असेल याचा भरवसा नाही. दाखल करण्याएवढा तो आजारी नव्हता, आणि कांजिण्यांचा रुग्ण गरज नसताना वॉर्डात नेणं म्हणजे तिथल्या दुबळ्या रुग्णांना धोक्यात घालणं. वाडा रिकामा करण्यावर मात्र बराच वेळ चर्चा झाली, कारण वरवर ते शहाणपणाचं वाटतं.

इथे मला देवीचाच इतिहास उपयोगी पडला. भारतात १९६२ मध्ये देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सरसकट सगळ्यांना लस टोचण्यावर भर होता. कोट्यवधी लोकांना टोचूनही रोग हटेना. १९७३ च्या शरद ऋतूपासून पद्धत बदलली. घरोघर जाऊन, देवी आलेल्या मुलाचं चित्र असलेलं कार्ड दाखवून विचारायचं, असा रुग्ण पाहिलात का? रुग्ण सापडला की त्याला घरातच ठेवायचं, दारावर पहारा बसवायचा आणि आसपासच्या घरांतल्या प्रत्येकाला टोचायचं. खबर देणाऱ्याला बक्षीस असे. १९७४ मध्ये देशात पावणेदोन लाखांहून जास्त रुग्ण होते, आणि मे १९७५ मध्ये शेवटचा रुग्ण सापडला. रुग्ण जिथे आहे तिथेच थांबवणं आणि त्याच्याभोवती कडं करणं, यानं हे साधलं. माणसं पांगवली असती तर साधलं नसतं.

पण ही पद्धत कांजिण्यांना जशीच्या तशी लावता येत नाही आणि या प्रकरणातला माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. देवीचा रुग्ण ताप येण्याआधी दुसऱ्याला रोग देत नसे. फैलाव होई तो मुख्यतः पुरळ उठल्यावर, म्हणजे तोवर तो अंथरुणाला खिळलेला आणि डोळ्यांना दिसणारा. त्यामुळे दिसल्यावर अडवलं तरी वेळ गेलेली नसे. कांजिण्यांचा रुग्ण पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग देतो, आणि घरात एकाला झाल्या की पूर्वी न झालेल्या दहांपैकी नऊजणांपर्यंत पोचू शकतो. म्हणून कडं आखताना दोन दिवस मागे जावं लागतं.

काकांनी केलेल्या पहिल्या यादीत फक्त खोलीतले पाच जण होते. दोन दिवस मागे गेलो तर १५ ऑगस्ट येत होता. त्या दिवशी मेसमध्ये फीस्ट होती, सगळे एकत्र जेवले होते आणि तो मुलगा दिवसभर अभ्यासिकेत होता. पाचाची यादी चाळिसाच्या पुढे गेली, आणि तिच्यात मावशींची सूनही आली.

काय केलं

गच्चीवर सामानाची एक खोली होती, बाहेर स्वतंत्र संडास. ती रात्रीच रिकामी केली. जेवण नेऊन द्यायला नांदेडचा एक मुलगा पुढे आला, त्याला शाळेत असताना कांजिण्या होऊन गेल्या होत्या. देवीच्या काळातही शुश्रूषेला व्रण असलेली माणसंच पुढे असत, कारण त्यांना पुन्हा देवी येत नसत. मॅडमनी अ‍ॅसायक्लोविर लगेच सुरू केलं. मोठ्या माणसांत कांजिण्या लहान मुलांपेक्षा जड जातात, न्यूमोनियाचा धोका असतो, आणि हे औषध पुरळ उठल्यापासून २४ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. तापाला पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. धाप लागली, छातीत दुखलं किंवा गुंगी वाटली तर तडक कळवायचं. मुलाच्या आईनं फोनवरून सांगितलं की औषध देऊ नका, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवा. मॅडम म्हणाल्या, ‘पाला ठेवा ताई, गोळीही चालू राहू द्या.’ दोन्ही झालं.

रविवारी सकाळी यादीतल्या प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारल्या: कांजिण्या होऊन गेल्यात का, लस घेतली आहे का? बऱ्याच मुलांनी घरी फोन लावून आईला विचारलं. शेवटी वाड्यात राहणारे नऊजण असे उरले ज्यांना दोन्ही नाही किंवा माहीत नाही.

संपर्कानंतर तीन दिवसांत लस दिली तर सर्वांत चांगलं, पाच दिवसांपर्यंत तरी द्यावी. १५ तारखेचा संपर्क धरला तर २० ऑगस्ट ही शेवटची तारीख. कांजिण्यांची लस सरकारी लसीकरण कार्यक्रमात नाही. खासगीत एका डोसला दोन हजारांच्या आसपास पडतात, आणि मेसचं महिन्याचं बिल तीन हजार असणाऱ्या मुलाला ते झेपत नाही. दोन दिवस यातच गेले. अखेर काकांनी निम्मे पैसे घातले आणि सहा जणांनी लस घेतली. तिघांनी नाही घेतली, एकाला परीक्षेआधी ताप येईल ही भीती होती.

मावशींच्या सुनेचं काम त्याच रात्री थांबवलं, पगार चालू ठेवून. गरोदर बाईला लस देता येत नाही, कारण ती जिवंत विषाणूची असते. गरज पडली तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, देतात, संपर्कापासून दहा दिवसांच्या आत. म्हणून आधी रक्तात प्रतिपिंडं आहेत का ते तपासलं. होती. तिला आठवत नसलं तरी कधीतरी कांजिण्या होऊन गेल्या होत्या. या एका अहवालानं घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मग कॅलेंडर. नऊजणांपैकी कोणी रोग घेतला असेल तर तो आठव्या दिवसापासून इतरांना देऊ शकेल आणि एकविसाव्यापर्यंत वाट पाहावी लागेल. म्हणजे २३ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर. परीक्षा २५ ला आणि गणपती ७ ला. दोन्ही तारखा नेमक्या या मुदतीत आल्या.

परीक्षेला बसू नका, असं म्हणायचा अधिकार मॅडमना नव्हता आणि दोन वर्षं तयारी केलेल्या मुलाला ते म्हणणं सोपंही नाही. त्यांनी ठरवलं होतं की रोज सकाळी ताप आणि अंग तपासायचं आणि काही दिसलं तरच थांबवायचं. यात धोका उरत होता, पुरळ दिसण्याआधीचे दोन दिवस कोणीच पाहू शकत नाही. त्या आठवड्यात परीक्षेची तारीख बँकेच्या परीक्षेशी एकत्र आल्यावरून शास्त्री रोडवर आंदोलन सुरू झालं. वाड्यातली मुलंही गेली. नऊजणांतलेही होते, पण तो त्यांचा पाचवा ते सातवा दिवस होता, म्हणून मॅडमनी अडवलं नाही. २२ ऑगस्टला आयोगानं परीक्षा पुढे ढकलली.

आम्हाला वाटलं, एक पेच सुटला. प्रत्यक्षात दुसरा उभा राहिला. परीक्षाच नाही म्हटल्यावर मुलं गावी निघाली. त्या रात्री मॅडमनी घेतलेला निर्णय मला आजही योग्य वाटतो. नऊजणांपैकी ज्याच्या घरी गरोदर बाई, तान्हं मूल किंवा मोठ्या आजाराचं माणूस नाही त्यानं आजच निघावं, कारण आजचा प्रवास निर्धोक आहे, आणि ७ सप्टेंबरपर्यंत घरीच थांबावं. बाकीच्यांनी वाड्यातच राहावं. चौघं गेले, पाच राहिले.

निष्पत्ती

पहिल्या मुलाच्या सगळ्या फोडांवर आठवड्याभरात खपल्या धरल्या आणि तो खाली आला. ऑगस्टच्या शेवटच्या आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नऊजणांपैकी तिघांना कांजिण्या झाल्या: लस न घेतलेले दोघे आणि घेतलेला एक. लस घेतलेल्याला मोजके फोड आले, ताप एकच दिवस. एवढ्या थोड्या माणसांवरून लसीबद्दल काही सिद्ध होत नाही, पण जे दिसलं ते हे.

तिघांपैकी एक गावी होता. घरी लहान मूल नाही, असं त्यानं सांगितलं होतं आणि तेव्हा ते खरंही होतं. नंतर बहीण माहेरपणाला आली, दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन. पुरळ दिसल्याबरोबर त्यानं मॅडमना फोन केला आणि शेतातल्या खोलीत राहायला गेला. बहिणीला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या होत्या, बाळाला काही झालं नाही. सप्टेंबर संपेपर्यंत वाड्यात नवा रुग्ण नव्हता.

एक नुकसान मात्र भरून निघालं नाही. पहिल्या मुलाचा फोटो अहवालानंतरही फिरत राहिला. दुसऱ्या एका अभ्यासिकेनं त्याला जागा नाकारली, कारण सांगितलं नाही. १ डिसेंबरला झालेली पूर्वपरीक्षा त्यानं दिली, पण मधले दोन महिने तो अभ्यासिकेत न बसता खोलीतच अभ्यास करत होता.

वेगळं काय करता आलं असतं

फोटोबद्दल पहिल्याच तासात बोलायला हवं होतं. सगळे आजाराला थांबवण्यात गुंतले आणि ग्रुपवर खरी माहिती टाकायला रविवारची दुपार उजाडली. सूचना फलकावरच्या पहिल्या चिठ्ठीत फक्त ‘संसर्गजन्य आजार’ असं होतं. तिनं भीती वाढवली. अहवालानंतरच्या चिठ्ठीत ‘कांजिण्या’ हे नाव, धोका कोणाला आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं लिहिलं आणि बॅगा पुन्हा कॉटखाली गेल्या. अहवालाची वाट न पाहता ‘कांजिण्यांचा दाट संशय, खात्रीसाठी तपासणी चालू’ असं शनिवारीच लिहिता आलं असतं.

अभ्यासिकेत बाहेरून येणाऱ्यांची नोंद नव्हती, महिन्याचे पैसे दिले की झालं. त्यातल्या काहींपर्यंत आम्ही पोचलोच नाही. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी काय झालं हे आम्हाला कळण्याचा मार्ग नाही, आणि कड्यातली ही सर्वांत मोठी फट होती.

गावी जाणाऱ्यांना ‘घरात कोण आहे’ एवढंच विचारलं. ‘येत्या पंधरा दिवसांत कोण येणार आहे’ हेही विचारायला हवं होतं. श्रावण चालू होता, माहेरवाशिणी येणारच.

लसीच्या पैशांवर गेलेले दोन दिवस वाचवता आले असते. त्यासाठी वाड्यानं आता प्रवेशाच्या अर्जात दोन ओळी घातल्या आहेत, कांजिण्या झाल्या होत्या का आणि लस घेतली का, आणि अनामत रकमेतून अशा वेळी डोस घेता येईल असं लिहून घेतलं आहे. ज्या घरांना ही लस परवडत नाही त्यांच्यासाठी ती सरकारी कार्यक्रमात यावी का, हा प्रश्न वाड्याच्या हातातला नाही. मॅडमनी आणि मी तो वैद्यकीय संघटनेच्या स्थानिक बैठकीत मांडला आहे आणि पुढेही मांडत राहणार आहोत.